सुज्ञता, ख्रिस्ती धर्मविचारातील

ईश्वराशी व सहमानवांशी असलेले आपले नाते ओळखून योग्य निर्णय घेण्याची आणि त्याप्रमाणे वागण्याची क्षमता, असा सुज्ञतेचा स्थूल अर्थ ख्रिस्ती धर्मविचारात केला जातो. तथापि सुज्ञ मनुष्य कोणास म्हणावे, याविषयी ख्रिस्ती परंपरेत एकवाक्यता नाही. बायबलच्या जुन्या करारातील नीतिसूत्रे, ईयोब व उपदेशक हे ग्रंथ सुज्ञतेच्या शोधालाच वाहिलेले आहेत. उलट नव्या करारातील पौलाच्या पत्रांत जगाच्या दृष्टीने जे शहाणपण ते ईश्वराच्या दृष्टीने मूर्खपणा ठरते, असा आशय वारंवार आढळतो. यावरून ख्रिस्ती धर्म मूलतः बुद्धीविषयी साशंक आहे, असा निष्कर्ष धर्माच्या टीकाकारांनी आणि काही वेळा त्याच्या अनुयायांनीही काढला आहे. मूळ ग्रंथांचा संदर्भ लक्षात घेता तो टिकण्यासारखा नाही. मात्र तो निघण्यास परंपरेनेच पुरेशी कारणे पुरविली आहेत, हेही नाकारता येत नाही.

हिब्रू भाषेतील ‘हॉखमा’ या शब्दाचा अर्थ प्रथमतः ‘कौशल्य’ असा आहे. निर्गम या ग्रंथात निवासमंडपाचे काम करणारा बसालेल हा कारागीर ईश्वराने हॉखमेने भरलेला आहे, असे म्हटले आहे. सोने, रुपे, पितळ, रत्ने व लाकूड यांवरील कलाकुसर हेच त्याचे ज्ञान. त्याच ग्रंथात निळे, जांभळे व किरमिजी सूत कातणाऱ्या स्त्रियांनाही हेच विशेषण लावले आहे. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात तर मुंगी, खडकात राहणारा लहानसा प्राणी, टोळ आणि पाल यांना पृथ्वीवरील लहान पण अत्यंत शहाणे जीव म्हणून गौरविले आहे. सुज्ञतेची ही कल्पना हाताला, सवयीला व दैनंदिन व्यवहाराला चिकटलेली आहे. ग्रीक तत्त्वज्ञानातील चिंतनशील ज्ञानी पुरुषाची प्रतिमा डोळ्यांसमोर ठेवून बायबल वाचणाऱ्यांच्या ध्यानातून ही गोष्ट नेमकी निसटते.

हे ज्ञान केवळ इझ्राएलचेच होते, असेही नाही. ईजिप्तमधील ‘ॲमेनेमोपेचा उपदेश’ या ग्रंथाचे पपायरस ब्रिटिश म्यूझियममध्ये असून बज याने ते १९२३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी जर्मन ईजिप्तविद्यावंत आडोल्फ एर्मान याने नीतिसूत्रांच्या बाविसाव्या व तेविसाव्या अध्यायांतील काही भाग आणि हा उपदेश यांतील निकटचे साम्य दाखवून दिले. दुबळ्याला लुबाडू नये, शेताची जुनी हद्द सरकवू नये, राज्यकर्त्याच्या पंक्तीला बसल्यावर हावरटपणा करू नये, संपत्तीला पंख फुटतात हे विसरू नये, हे विषय दोन्हींत येतात. धर्मग्रंथाचा काही भाग परधर्मीय दरबारी लेखकाच्या शिकवणुकीवर आधारलेला असावा, ही गोष्ट काही श्रद्धावंतांना अडचणीची वाटली. वस्तुतः ती नीतिसूत्रांच्या भूमिकेशी सुसंगतच आहे. तेथे सुज्ञता ही स्त्रीरूपात चौकात, वेशीपाशी व रस्त्यांच्या तिठ्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांना हाक मारते. ऐकणाऱ्याचे कुळ ती विचारीत नाही.

परमेश्वराचे भय हे सुज्ञतेचे मूळ होय, असे जुन्या करारात अनेकवार सांगितले आहे. येथे ‘भय’ म्हणजे शिक्षेची धास्ती नव्हे. आपण विश्वाचे केंद्र नाही ही जाणीव, असा अर्थ बहुतेक भाष्यकार करतात. शलमोन राजाच्या कथेत हे अधिक स्पष्ट होते. स्वप्नात वर मागण्यास सांगितले असता त्याने दीर्घायुष्य वा संपत्ती न मागता प्रजेचा न्याय करण्यासाठी, मूळ हिब्रू शब्दशः घेतल्यास, ‘ऐकणारे अंतःकरण’ मागितले. एकाच मुलावर हक्क सांगणाऱ्या दोन स्त्रियांच्या सुप्रसिद्ध निवाड्यात राजाची तलवार लोकांच्या लक्षात राहते. परंतु निवाडा झाला तो त्या दोघींचे बोलणे लक्ष देऊन ऐकल्यामुळे. पुढे हाच शलमोन उतारवयात ईश्वरनिष्ठेपासून ढळला, हेही बायबलने झाकून ठेवलेले नाही. सुज्ञता एकदा मिळाली म्हणजे कायमची हाती राहते, असे तेथे मानलेले दिसत नाही.

या परंपरेची खरी कसोटी ईयोबाच्या ग्रंथात लागते. सत्प्रवृत्त ईयोबावर संततिनाश, धनहानी व व्याधी अशी संकटे कोसळतात. अलीफज, बिल्दद व सोफर हे त्याचे तीन मित्र समाचाराला येतात आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहतात. त्यानंतर ते बोलू लागतात, आणि तेथेच त्यांचे शहाणपण संपते. त्यांच्या म्हणण्यात धर्मशास्त्राच्या दृष्टीने खोड काढता येण्यासारखे फार थोडे आहे : ईश्वर न्यायी आहे, पापाचे फळ दुःख असते, म्हणून दुःख भोगणाऱ्याने आपले पाप शोधावे. नीतिसूत्रांतील वचनांशी हे सारे जुळते. त्यांना सर्व सिद्धांत ठाऊक आहेत. समोर राखेत बसलेला माणूस तेवढा दिसत नाही. ग्रंथाच्या शेवटी ईश्वर त्यांच्यावर रागावतो आणि त्यांनी आपल्याविषयी यथार्थ भाषण केले नाही, ईयोबाने मात्र केले, असा निर्णय देतो. ईश्वराचा कैवार घेऊन बोलणारे खोटे ठरतात आणि ईश्वराशी वाद घालणारा खरा ठरतो, ही धर्मग्रंथात सहसा न आढळणारी गोष्ट आहे. अठ्ठाविसाव्या अध्यायात खाणकामाचे वर्णन आहे. माणूस दगड फोडून, दोरीला लोंबकळत, अंधारातून सोने व नीलमणी वर आणतो, पण सुज्ञतेची खाण त्याला सापडत नाही, असे तेथे सुचविले आहे. मानवी बुद्धीचा तो अधिक्षेप नव्हे. खाणकामगाराच्या धाडसाचे कौतुक त्यात उघड आहे; मर्यादा दाखविली आहे ती ते कौतुक केल्यानंतर.

उपदेशक हा ग्रंथ याहून पुढे जातो. शहाण्याला व मूर्खाला एकच मरण येते, मग शहाणपणाचा लाभ काय, असा प्रश्न त्यात रोखठोक विचारला आहे. त्याचे समाधानकारक उत्तर ग्रंथात नाही, आणि अखेरीचे धार्मिक उपसंहारात्मक श्लोक नंतर जोडले गेले असावेत, असे अनेक अभ्यासकांना वाटते. तरीही हा ग्रंथ धर्मग्रंथसंहितेत टिकून राहिला. बेन सिराचा ग्रंथ (इ. स. पू. सु. १८०) व ‘शलमोनाचे ज्ञान’ या नावाने प्रसिद्ध असलेला ग्रीक ग्रंथ हे दोन्ही रोमन कॅथलिक व ऑर्थोडॉक्स पंथीयांना प्रमाण असून प्रॉटेस्टंट पंथीय त्यांना संहितेबाहेरचे मानतात. बेन सिराच्या मते सुज्ञतेसाठी फुरसत हवी. नांगरधारी, लोहार व कुंभार यांच्यावाचून नगर वसत नाही हे खरे, पण न्यायसभेत त्यांना स्थान नाही. बसालेलला सुज्ञ म्हणणाऱ्या मूळ कल्पनेपासून हे बरेच दूर गेलेले मत आहे. पुढील काळातील विद्वान धर्माधिकाऱ्यांना ते सोयीचे वाटले, यात नवल नाही. इझ्राएलच्या या ज्ञानसाहित्याचा गेर्हार्ट फोन राट याने १९७० मध्ये केलेला अभ्यास मूलगामी समजला जातो. मात्र ‘ज्ञानसाहित्य’ हा स्वतंत्र वर्गच आधुनिक संशोधकांनी कल्पिलेला आहे, असे प्रतिपादन विल काइन्झ याने २०१९ मध्ये केले आहे.

शुभवर्तमानांत येशूच्या दृष्टांतांमधील शहाण्या माणसासाठी ‘सोफॉस’ हा शब्द येत नाही. तेथे ‘फ्रॉनिमॉस’ म्हणजे प्रसंगावधानी, व्यवहारात विवेकी, हा शब्द येतो. खडकावर घर बांधणारा माणूस आणि दिव्यांबरोबर जादा तेल घेणाऱ्या पाच कुमारी ही त्याची उदाहरणे. घर बांधणाऱ्या दोघांनीही येशूचे बोलणे ऐकलेले आहे. भेद आहे तो आचरणाचा, आणि तो कळतो पूर आल्यावर. लूककृत शुभवर्तमानातील लबाड कारभाऱ्याच्या दृष्टांताने भाष्यकारांची नेहमीच पंचाईत केली आहे. नोकरी जाणार असे दिसताच धन्याच्या ऋणकोंची देणी परस्पर कमी करून देणाऱ्या या माणसाची त्याच्या शहाणपणाबद्दल वाखाणणी होते. त्याला सज्जन ठरविण्याचे प्रयत्न अनेकांनी केले, पण ते ओढूनताणून केल्यासारखे वाटतात. त्याला आपल्यावर आलेली वेळ ओळखता आली, एवढाच त्यातील मुद्दा आहे. याउलट कोठारे पाडून मोठी बांधू पाहणारा श्रीमंत शेतकरी लौकिक दृष्ट्या कुशल व दूरदर्शी असूनही त्याला मूर्ख म्हटले आहे; त्याच्या स्वगतात स्वतःखेरीज दुसरे माणूसच नाही.

पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीस लिहिलेले पहिले पत्र (इ. स. सु. ५४) हे या विषयातील सर्वांत वादग्रस्त, आणि सर्वाधिक चुकीचे वाचले गेलेले लेखन होय. करिंथ हे प्राचीन नगर रोमनांनी इ. स. पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केले व इ. स. पू. ४४ मध्ये जूलियस सीझरने ते वसाहत म्हणून पुन्हा वसविले. दोन बंदरांच्या मधोमध असलेल्या या नव्या व्यापारी नगरात जुने खानदान असे नव्हते. पैसा, वक्तृत्व व आश्रयदात्यांची ओळख यांवर प्रतिष्ठा मिळे. तेथील लहानशा ख्रिस्ती मंडळीतही हीच चढाओढ शिरली होती. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कोणी केफाचा, तर कोणी ॲलेक्झांड्रियाच्या वक्तृत्वनिपुण अपुल्लोसाचा. मंडळीतील बहुसंख्य लोक मात्र शिकलेले, सत्ताधारी वा कुलीन नव्हते, हे पौल स्वतःच नमूद करतो. अशा मंडळीला उद्देशून तो ज्या ‘शहाणपणा’चा उपहास करतो ते शास्त्र किंवा तत्त्वज्ञान नसून दुसऱ्याला खाली दाखविण्याचे साधन बनलेले शहाणपण आहे. गुलाम व बंडखोर यांना देण्यात येणारी क्रूसाची शिक्षा भोगलेला मनुष्य हाच ईश्वराची शक्ती आणि ईश्वराचे ज्ञान आहे, असे म्हणताना त्याने प्रतिष्ठेचे हे मापच उलटे केले.

पत्राच्या पुढील भागावरून याची खात्री पटते. मूर्तींना वाहिलेले मांस खावे किंवा नाही, या वादात सुशिक्षितांची बाजू तर्कशुद्ध होती. मूर्तीत काही नसते, तेव्हा मांस खाण्यात दोष नाही, असे ते म्हणत आणि पौलाला ते मान्य होते. तरीही केवळ ज्ञानाने माणूस फुगतो, बांधणी होते ती प्रेमाने, असा त्याचा अभिप्राय आहे. कारण त्या ज्ञानाच्या बळावर दुर्बळ सद्‌सद्‌विवेकाच्या बंधूला तुडविले जात होते. प्रभुभोजनाच्या वेळी काही जण पोटभर खाऊन पिऊन धुंद होत आणि काही उपाशी राहत, यावरही तो असाच तुटून पडतो. सर्वांत बोलका पुरावा सहाव्या अध्यायात आहे. मंडळीतील लोक आपसांतील तंटे बाहेरच्या न्यायालयात नेतात हे कळल्यावर, भावाभावांमधला निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय, असा सवाल तो करतो. येथे त्याने वापरलेला शब्द ‘सोफॉस’ हाच आहे. ज्या पत्रात त्याने शहाण्यांची टर उडविली त्याच पत्रात शहाण्याची उणीव त्याला लज्जास्पद वाटते. पहिल्या अध्यायापाशीच थांबणाऱ्या वाचकांना हा पौल भेटत नाही. याकोबाच्या पत्रातही सुज्ञतेची ओळख सौम्यतेने केलेल्या वर्तनावरूनच सांगितली आहे. मत्सर व तट जेथे असतील तेथील शहाणपण वरून आलेले नव्हे, असे त्या पत्राचे मत आहे.

आरंभीच्या ख्रिस्ती आचार्यांत दोन प्रवाह दिसतात. तत्त्ववेत्त्याचा झगा अंगावर ठेवूनच ख्रिस्ती झालेला जस्टिन (सु. १००–६५) सॉक्रेटीससारख्यांनाही शब्दब्रह्माच्या म्हणजे ‘लोगॉस’च्या प्रकाशात जगलेले मानतो; टर्टल्यन (सु. १५५–२२०) अथेन्स व जेरूसलेम यांचा संबंध काय, असे विचारून सारा प्रश्नच निकालात काढू पाहतो. टर्टल्यनचे स्वतःचे लेखन मात्र लॅटिन वक्तृत्वशास्त्राच्या उत्तम शिक्षणाची साक्ष देते, हा विनोद त्याच्या चाहत्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांच्या कथांत आर्सेनियसची कथा प्रसिद्ध आहे. रोमन दरबारात वावरलेला, ग्रीक व लॅटिन जाणणारा हा विद्वान एका अडाणी ईजिप्शियन वृद्धाला आपल्या मनातील विचारांविषयी सल्ला विचारतो, आणि या शेतकऱ्याची मुळाक्षरेही आपण अजून शिकलो नाही, अशी कबुली देतो. कथेत विद्येची निंदा नाही. आर्सेनियस विद्वान आहे म्हणूनच त्याच्या विचारण्याला मोल आहे.

सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने या विषयाला तात्त्विक मांडणी दिली. ‘त्रैक्याविषयी’ या ग्रंथाच्या उत्तरार्धात त्याने शाश्वताचे ज्ञान (सापिएंतिया) आणि ऐहिक विषयांचे ज्ञान (स्किएंतिया) असा भेद केला. दुसरे त्याज्य नाही. पहिल्याकडे नेणारी ती पायरी आहे. तथापि ऑगस्टीनची या विषयातील अधिक मोलाची कामगिरी त्याच्या तरुणपणीच्या संवादांत आढळते. ३८६ मध्ये मिलानजवळील कासिसियाकम येथे मित्रमंडळींसह केलेल्या चर्चांत त्याची आई मॉनिका भाग घेते. तिला शास्त्रोक्त शिक्षण नव्हते. सुखी मनुष्य कोण, या प्रश्नावर ती असे उत्तर देते की तत्त्वज्ञानाचा बालेकिल्लाच तिने सर केला, असे ऑगस्टीन म्हणतो. ज्या तरुणाने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी सिसरोचा ‘होर्टेन्सियस’ वाचून ज्ञानाचा ध्यास घेतला होता, त्याने तेरा वर्षांनी घरातल्या स्त्रीच्या तोंडून ते ऐकावे आणि ऐकल्याचे लिहूनही ठेवावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

सेंट टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याने दूरदृष्टियुक्त विवेक हा सद्‌गुण आणि सुज्ञता हे पवित्र आत्म्याचे दान यांत फरक केला आहे. त्याच्या ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात योग्य निर्णयाचे दोन मार्ग सांगितले आहेत. नीतिशास्त्राचा अभ्यास केलेला मनुष्य शुचितेविषयी विचारपूर्वक योग्य मत देतो. जो स्वतः शुचितेने जगतो त्याला तेच मत त्या सद्‌गुणाशी असलेल्या सहजसख्यामुळे सुचते. सुज्ञता हे दान दुसऱ्या प्रकारचे असून प्रेमातून उद्‌भवते, म्हणून ते अशिक्षितालाही लाभू शकते आणि पंडिताकडेही नसू शकते. एका प्रकांड पंडिताने हे मान्य करावे यात त्याचा मोठेपणा आहे. व्यवहारात मात्र मध्ययुगीन विद्यापीठे व धर्मसंस्था यांनी पहिल्या मार्गालाच पदव्या व अधिकार दिले. दुसरा मार्ग ग्रंथात राहिला.

त्याची आठवण अधूनमधून विद्वानांनीच करून दिली. कूझाच्या निकोलसने (१४०१–६४) १४५० मध्ये लिहिलेल्या संवादांत लाकडी पळ्या कोरणारा एक सामान्य माणूस हा नायक असून तो रोमच्या बाजारात एका वक्तृत्वपंडिताला ज्ञान रस्त्यावर मिळते, असे तराजू व वजने यांच्या उदाहरणांनी पटवून देतो. इरॅस्मसच्या १५११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मूर्खतास्तुती’त खुद्द मूर्खताच व्याख्यान देते आणि थट्टेथट्टेत पौलाच्या विचारापर्यंत येऊन पोहोचते. पूर्वेकडील चर्चमध्ये ख्रिस्तासाठी वेड पांघरणाऱ्या साधूंची परंपरा निर्माण झाली. सिरियातील एमेसाचा सिमीअन व सोळाव्या शतकातील मॉस्कोचा बेसिल हे त्यांपैकी विख्यात. मॉस्कोतील लाल चौकातील चर्च बेसिलच्याच नावाने ओळखले जाते. सत्ताधीशाला तोंडावर बोल लावण्याचे स्वातंत्र्य या वेडाने मिळवून दिले, हे त्याचे श्रेय. परंतु वेडेपणाचाच आदर्श बनला की त्यात ढोंगाला वाव मिळतो, आणि रशियन राज्यकर्त्यांनी व धर्माधिकाऱ्यांनीही पुढे या प्रकाराकडे संशयाने पाहिले.

साध्याभोळ्या माणसाच्या सुज्ञतेचा गौरव हा अनेकदा त्याला गप्प बसविण्याचा मार्ग ठरला, हा या परंपरेवरील सर्वांत गंभीर आक्षेप होय. जे ज्ञानी लोकांपासून लपविले ते बालकांना प्रकट केले, या येशूच्या उद्‌गाराचा आधार घेऊन प्रश्न विचारू नयेत, असे शिकविले गेले. मूळ प्रसंगात बालके म्हणजे ज्यांचे कोणी ऐकत नव्हते ते लोक. त्यांचे ऐकावे, असा त्याचा रोख आहे. स्त्रियांच्या बाबतीत ही विसंगती विशेष डोळ्यांत भरते. सुज्ञता स्त्रीरूपात वर्णिलेली आणि मॉनिकेचा दाखला ऑगस्टीननेच नोंदवलेला असतानाही ‘चर्चचा आचार्य’ ही पदवी रोमन कॅथलिक चर्चने स्त्रीला प्रथम दिली ती १९७० मध्ये. आव्हिलाची तेरेसा व सिएनाची कॅथरीन या त्या पहिल्या दोघी. लीझ्यूची तेरेसा हिला १९९७ मध्ये व बिंगेनची हिल्डेगार्ड हिला २०१२ मध्ये ती मिळाली. यांपैकी कॅथरीन लिहिण्यास उशिरा शिकली आणि तिने आपली बहुतेक पत्रे सांगून लिहवून घेतली होती.

मराठीत ही संकल्पना आणताना भाषांतरकारांना ज्ञान, शहाणपण, सुज्ञता व विवेक अशा शब्दांतून निवड करावी लागली. ‘ज्ञान’ या शब्दास मराठीत आत्मज्ञानाचा व मोक्षाचा दीर्घ संदर्भ आहे. तो योजल्यास ज्ञानाने मुक्ती मिळते असा ध्वनी उमटतो आणि पौलाची टीका जणू ज्ञानमार्गावरच आहे, असा समज होऊ शकतो. ‘शहाणा’ हा बोलीतला शब्द दृष्टांतांतील ‘फ्रॉनिमॉस’ला अधिक जवळचा, आणि ‘दीडशहाणा’ वा ‘अतिशहाणा’ या रूपांतील त्याची उपहासाची छटा करिंथकरांना लिहिलेल्या पत्राला चपखल बसते. रामदासांच्या ‘दासबोधा’त मूर्खलक्षणांबरोबरच पढतमूर्खाची लक्षणे सांगणारा स्वतंत्र समास आहे. तो परिचित असलेल्या मराठी वाचकाला पौलाचा रोख समजण्यास अडचण पडू नये. मात्र पढतमूर्खाची पारख पौल क्रूसाच्या निकषावर करतो, हा भेद उरतोच. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे जे मराठी भाषांतर केले ते अल्पशिक्षित स्त्रियांना वाचता यावे म्हणून हेतुतः सोप्या भाषेत केले. वेदान्तातील पारिभाषिक शब्दांची अडचण त्यांना चांगलीच ठाऊक होती. केडगाव येथील मुक्तिसदनाच्या छापखान्यात स्त्रियांनीच खिळे जुळवून छापलेले हे भाषांतर रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.